मुलगी वयात येतेय? काय बोलायचं, काय आणायचं आणि घरातलं काय बदलायचं नाही

"मुलीशी त्या विषयावर कधी बोलावं" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कितवीत आहे? तिसरी-चौथीत असेल तर आत्ताच सुरू करा. सातवीत बघू म्हणून थांबलात तर मैत्रिणीने, यूट्यूबने नाहीतर शाळेच्या बाथरूममध्ये दिसलेल्या डागाने तुमच्या आधीच सांगून टाकलेलं असतं, आणि मग तुम्ही सांगायला गेलात की ती म्हणते, माहितीये मला, आणि विषय बंद.

मी दोन मुलींचा बाप, नाशिकला असतो. थोरली कॉलेजात, धाकटी आठवीत. बायकोची नोकरी शिफ्टची, त्यामुळे हे काम आम्ही वाटून घेतलं, काही ती बोलली, काही मी. बाप बोलतो म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात पण त्यात बघण्यासारखं काय आहे मला अजून कळलेलं नाही, ताप आल्यावर पण बापच रात्री पट्ट्या ठेवतो की.

आधी शरीराचं टाइमटेबल. मुलींमध्ये बदल साधारण ८ ते १३ वर्षांत कधीही सुरू होतात आणि सुरुवात पाळीने होत नाही. पहिली खूण म्हणजे छातीत निपलच्या खाली एक छोटी कडक गाठ येते, बऱ्याचदा आधी एकाच बाजूला, आणि जरा धक्का लागला तरी दुखते. आया इथे घाबरून थेट कॅन्सरपर्यंत पोचतात. दुसरी बाजू काही महिन्यांत मागून येते, दोन्हीत थोडा फरक राहिला तरी चालतं. मग काखेत आणि खाली केस, घामाला वास, उंची झपाझप, चेहऱ्यावर पिंपल्स, आणि पाळी या सगळ्यानंतर, ती गाठ दिसल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी. म्हणजे गाठ दिसली की तुमच्या हातात तेवढा वेळ आहे असं समजा, घाई नको पण झोपून पण राहू नका. शाळेच्या भरवशावर तर अजिबात नको, आपल्या बोर्डाच्या पुस्तकात पाळीचं चक्र नीट येतं ते दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये, तोपर्यंत वर्गातल्या जवळपास सगळ्या मुलींना पाळी येऊन काही वर्षं झालेली असतात. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी १९२७ साली याच भाषेत याच विषयांवर मासिक काढलं, त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले, आणि आपण अजून जाहिरात लागली की रिमोट शोधतोय.

बोलायचं कसं

एकदाच समोर बसवून, दार लावून, घसा खाकरून लेक्चर द्यायचं नाही. एवढं गंभीर वातावरण केलं की पोरीला वाटतं काहीतरी वाईट बातमी आहे. तुकड्या-तुकड्यात बोला, दोन वाक्यं आज, तीन पुढच्या आठवड्यात. माझ्या मते सगळ्यात भारी जागा म्हणजे स्कूटर, ती मागे, तुम्ही पुढे, कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही आणि विषय फारच अवघड झाला तर क्लास येतोच. दुसरी जागा मटार सोलताना, हात कामात असले की तोंड मोकळं होतं. आणि तिसरी टीव्ही. पॅडची जाहिरात लागली तर चॅनल बदलू नका, आमच्या धाकटीने त्यावरूनच विचारलं होतं की हे निळं पाणी काय असतं, मग ते निळं नसतं लाल असतं इथून सुरू झालं आणि जेवण होईस्तोवर बरंच काही बोलून झालं.

काय म्हणायचं ते सुचत नसेल तर मी साधारण असं म्हणालो होतो, तुम्ही तुमच्या घरच्या भाषेत बदला: "तुझ्या पोटात खाली एक मुठीएवढी पिशवी आहे, तिला गर्भाशय म्हणतात. मोठं झाल्यावर तिथे बाळ वाढू शकतं. त्याची तयारी म्हणून पिशवीच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं. बाळ नसलं की ते लागत नाही, मग ते थोड्या रक्तासोबत खालून बाहेर येतं, चार-पाच दिवस. काही कापलेलं नसतं, लागलेलं नसतं. आईला येतं, मावशीला येतं, तुझ्या बाईंना पण येतं." बाईंना पण येतं यावर जाम हसू येतं पोरींना, आणि हसल्या की भीती गेली.

पुढचा प्रश्न येणारच, बाळ तिथे जातं कसं. टाळू नका. तिसरीतल्या मुलीला आईचं बीज आणि बाबाचं बीज एकत्र आलं की बाळ तयार होतं एवढं पुरतं. सहावी-सातवीत ते पुरत नाही, तिथे शरीरसंबंध हा शब्द सरळ वापरून सरळ सांगा, तो मोठ्या माणसांनी दोघांच्या मर्जीने ठेवायचा असतो हेही त्याच वाक्यात येऊ द्या. विचारलंय तेवढंच सांगायचं, पण जेवढं सांगाल ते खरं. आणि शब्द खरे वापरा, योनी, स्तन, गर्भाशय. "तिथे", "खाली", "शूची जागा" यावर भागवलं की उद्या काही दुखलं-खुपलं किंवा कोणी हात लावला तर तिला सांगायला शब्दच नसतो. शू येते ती जागा वेगळी, पाळी येते ती वेगळी, शी येते ती वेगळी, हे तर मोठ्या मोठ्या लोकांना नीट सांगता येत नाही. पाटीवर चित्र काढून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.

हे आधीच सांगून ठेवा, कारण हे कोणी सांगत नाही

पहिली पाळी बऱ्याचदा लाल नसतेच. चॉकलेटी, तपकिरी डाग असतो आणि पोरीला वाटतं चड्डीत शी झाली, मग ती लाजून चड्डी लपवते आणि दोन दिवस कोणाला पत्ता नाही. हे एक वाक्य आधी सांगितलं असलं तर केवढा त्रास वाचतो.

पाळी यायच्या सहा महिने ते वर्षभर आधीपासून अंगावरून पांढरं जायला लागतं. आपल्याकडे "अंगावरून जातंय" म्हणजे आजार अशीच समजूत असल्यामुळे आज्या लगेच काढे काढतात. पाण्यासारखं किंवा पांढरट, वास नाही, खाज नाही, तर ते नॉर्मल आहे, शरीर तयारी करतंय. खाज, आग, घाण वास, हिरवट रंग किंवा दह्यासारखं फुटलेलं असेल तर डॉक्टर.

रक्त बघून खूप वाटतं पण एका पाळीत सगळं मिळून जातं साधारण ३०-४० मिली, म्हणजे आपली पाव वाटी. छोट्या गाठी पडू शकतात. पहिली दोन-तीन वर्षं तारखा वेड्यावाकड्या असतात, २१ दिवसांनी आली तरी ठीक, ४५ ने आली तरी ठीक. तारीख लिहून ठेवायची सवय मात्र पहिल्या महिन्यापासून लावा. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बायकोची खूण असायची, थोरलीला ते नको होतं, घरी येणारा प्रत्येक जण वाचतो म्हणाली, तिने कपाटाच्या आतल्या बाजूला स्वतःचं छोटं कॅलेंडर लावलं. तिचं कॅलेंडर, तिची मर्जी.

पाळी आली की उंची थांबते असं म्हणून पोरींना उगाच घाबरवतात. वेग कमी होतो, पण त्यानंतरही साधारण ५ ते ७ सेंटीमीटर वाढतातच मुली.

सामान

दप्तरात एक छोटी चेनची पिशवी, त्यात दोन पॅड, एक चड्डी, थोडा पेपर आणि एक प्लास्टिकची पिशवी. ही पाळी यायच्या आधीपासून दप्तरात पाहिजे. आणि पॅड आधी हातात द्या, फोडू द्या, चड्डीला चिकटवून बघू द्या, विंग्ज कुठे दुमडतात ते बघू द्या, त्यावर पाणी ओतून किती शोषतं तेही बघू द्या. पहिल्यांदा शाळेच्या बाथरूममध्ये, कडी नीट लागत नाही अशा ठिकाणी, थरथरत्या हाताने ते पाकीट उघडायची वेळ आणू नका.

दर चार ते सहा तासांनी बदलायचं, भरलेलं नसलं तरी. फ्लश करायचं नाही, कागदात गुंडाळून सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळं द्यायचं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंनी त्या पुडीवर लाल ठिपका काढा अशी मोहीम चालवली होती, म्हणजे उघडून हाताने बघावं लागत नाही, तुमच्या गावात असं काही नसलं तरी ठिपका काढायला पेन लागतं फक्त. कापड वापरणार असाल तर तेही चांगलंच, पण ते उन्हात, वाऱ्यावर वाळलं पाहिजे, साडीखाली लपवून दमट वाळवलेलं नको. डाग पडला तर गार पाणी, गरम पाण्याने रक्त कपड्यात पक्कं बसतं. आणि ते तिचं तिने धुवायला शिकावं, पण पहिल्या दिवशीच बादली हातात देऊ नका.

मेडिकलवाला पॅड पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी घालून देतो. जुलै २०१८ मध्ये सरकारने यावरचा जीएसटी काढला, काळी पिशवी काही निघाली नाही. मुलगी सोबत असताना "पिशवी नको, असंच दे" म्हणा. एवढं एक वाक्य आणि तिने ते ऐकलेलं पुरे.

दुखणं, आणि डॉक्टरकडे कधी

पोटात, कंबरेत, मांड्यांत दुखतं. कारण ते अस्तर बाहेर टाकायला गर्भाशय आवळतं. गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं, आणि लागलीच तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, ती पण दुखणं सुरू होतानाच काहीतरी खाऊन घ्यायची, लोळायची वेळ आल्यावर नाही. दर महिन्याला शाळा बुडत असेल तर "आमच्या वेळी आम्ही सहन केलं" हे बंद करून अपॉइंटमेंट घ्या.

बाकी डॉक्टरकडे कधी जायचं तर: ८ वर्षांच्या आत छातीत बदल दिसले, १३ झाली तरी काहीच सुरुवात नाही, १५ झाली तरी पाळी नाही, तासा-दोन तासाला पॅड भरतंय, सातपेक्षा जास्त दिवस चाललंय, किंवा तीन महिने गायब आहे. आणि एक, पाळी पुढेमागे झाली की लगेच सोनोग्राफी आणि लगेच पीसीओडीचा (पीसीओएस पण म्हणतात, हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो) शिक्का असं चाललंय हल्ली. पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये असं डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्सच सांगतात, त्या वयात अंडाशय तसेच दिसतात. तेव्हा प्रश्न विचारा, दुसरं मत घ्या.

रक्त कमी असणं हे मात्र खरंच मोठं दुखणं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला, म्हणजे दहातल्या सहा. शाळेत आठवड्याला जी निळी गोळी देतात ती त्यासाठीच, ती जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही, लिंबू-आवळा सोबत असेल तर लोह जास्त अंगी लागतं, आणि शी काळी होते त्याला घाबरायचं नाही हे तिला आधी सांगा नाहीतर ती गोळी गुपचूप खिडकीबाहेर जाते. अळिवाचे लाडू, खजूर, पालेभाज्या वगैरे तुम्हाला माहितीच आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एचपीव्ही लस पण याच वयाची, ९ ते १४ मध्ये दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, १५ नंतर तीन लागतात. आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून आहे, मुलांच्या डॉक्टरांना विचारा.

आता खरं अवघड: घर

वरचं सगळं दोन-चार तासात शिकता येतं. पोरी बघत असतात ते वेगळंच, की पाळी आल्यावर घरात आपल्यासाठी काय काय बदललं. काल सायकलवर जात होती, आज "आता मोठी झालीस" म्हणून बंद. काल हाफ पॅन्ट होती, आज ओढणी. काल बाबाच्या शेजारी लोळत टीव्ही बघत होती, आज बाबाच लांब सरकून बसला. तुम्ही तोंडाने कितीही "हे नैसर्गिक आहे गं" म्हणा, तिने हिशोब बरोबर मांडलेला असतो. म्हणून माझा नियम सोपा आहे, पाळी आली म्हणून तिच्याकडून एकही गोष्ट काढून घ्यायची नाही. कबड्डी, स्विमिंग, ट्रेक, रात्री गच्चीवर झोपणं, काहीच नाही. तिला स्वतःला एखाद्या महिन्यात नको वाटलं तर ती नाही म्हणेल. बापांनी लांब सरकू नका. जवळ घ्यायचं की नाही ते तिच्यावर सोडा, पण तुमच्याकडून दार बंद नको.

उलट काही गोष्टी द्या. बाथरूमला नीट लागणारी कडी. कपाटात तिचा एक कप्पा जिथे कोणी उचकापाचक करणार नाही. दार वाजवून आत जायची सवय, आईने पण. आणि पाळी आली ही बातमी तिला विचारल्याशिवाय फॅमिली ग्रुपवर, मामीला, शेजारच्या काकूंना द्यायची नाही. काही घरांत ओटी भरतात, नवीन ड्रेस घेतात, गोडधोड करतात, पूर्वी तर मखरात बसवायचे. तिला आवडत असेल तर करा, नको म्हणाली तर विषय संपला. "जाड झालीस गं", "काळवंडलीस", "पिंपल्स किती ते" हे बोलणारे नातेवाईक असतातच, त्यांना तिच्यासमोरच थांबवा, नंतर तिच्याकडे जाऊन समजूत काढण्यात अर्थ नाही.

आणि मग आजी. प्रत्येक घरात एक असते, आमच्याकडे माझी आईच. कावळा शिवला, देवाला हात लावू नको, लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, खराब होतं. याच्यावर आदळआपट करून काही होत नाही, आणि पाळी आलेल्या दिवशी पोरीसमोर तर नाहीच नाही, तिला वाटतं भांडण आपल्यामुळे झालं. आधीच बोलून ठेवा, मुलगी नववं-दहावं गाठायच्या आत. मी आईला म्हणालो, तुझं देवघर तुझं, तिथे तू म्हणशील तसं, पण पोरगी तिच्या गादीवर झोपणार, आमच्यात बसून जेवणार, फ्रीज उघडणार, आणि तिला कोणी "विटाळ" हा शब्द ऐकवायचा नाही. आई आठ दिवस बोलली नाही. मग बोलली. लोणच्याचा प्रश्न धाकटीने स्वतः सोडवला, चारी दिवस रोज चमचा घालून खाल्लं, कैरीला काही झालं नाही, आता आजी त्या विषयावर मौन पाळतात.

गौरी-गणपतीत एक वेगळाच प्रकार असतो, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. तारीख जवळ आली की कोणीतरी सुचवतंच, एक गोळी दे, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. हार्मोनच्या गोळ्या आहेत त्या, आरतीला उभं राहता यावं म्हणून तेरा वर्षांच्या मुलीला मेडिकलमधून आणून देऊ नका. पाळी आली तर आली, आमच्याकडे ती आरतीला उभी राहते. तुमच्याकडे ते जमणार नसेल तर निदान तिला एकटीला खोलीत बसवू नका, आणि पाहुण्यांसमोर "तिला अडचण आहे" अशी घोषणा नको. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी असते, तो उपास कशासाठी असं मुलीने विचारलं तर खरी कहाणी सांगा, पाळीत शिवाशीव झाली त्या पापाची ती कहाणी आहे, आणि मग तिचं मत विचारा. मला मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही पण मी खूप हसलो.

स्पर्शाबद्दल बोलणं पाळीच्या कितीतरी आधी, चार-पाच वर्षांपासूनच व्हायला पाहिजे, आणि त्यात "अनोळखी काका" एवढंच नको, ओळखीचे पण येतात. वयात येताना त्यात एक भर घाला: तुझे कपडे काढून बघायचा हक्क कोणाला नाही, बाईंना नाही, मुख्याध्यापकांना नाही. मी हे उगाच म्हणत नाहीये, जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या एका शाळेत बाथरूममध्ये रक्ताचे डाग दिसले म्हणून कोणाला पाळी आहे हे बघायला मुलींचे कपडे काढून तपासणी केली, पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला. ती बातमी आम्ही धाकटीसोबत वाचली आणि अशा वेळी काय म्हणायचं ते ठरवलं, "मी आधी घरी फोन करणार." मोठ्याने, सगळ्यांसमोर. डॉक्टरांनी तपासायचं तर आई किंवा बाबा खोलीत पाहिजे. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ पाहिजे, फुकट आहे, चोवीस तास चालतो.

आवडणारा मुलगा, चिठ्ठ्या, इन्स्टा, हे सगळं येणार. माझा त्यात फार अधिकार नाही, थोरलीने मला तिच्या वेळचं बरंच नंतर सांगितलं. पण एक सांगून ठेवा की कोणीही, कितीही जवळचा असला तरी, कपड्यांशिवायचा फोटो मागितला तर द्यायचा नाही, आणि समजा दिला गेला तरी आधी आमच्याकडे यायचं, ओरडणार नाही. आणि मग खरंच आली तर खरंच ओरडू नका.

घरात मुलगा असेल तर त्यालाही हे सगळं त्याच वेळी, त्याच टेबलावर. ताईचं पोट दुखतंय तर गरम पाण्याची पिशवी भरून दे, तिच्या ड्रेसला डाग दिसला तर हळूच सांग आणि स्वतःचं जॅकेट दे, वर्गातल्या मुलीला दिसला तरी तेच. आणि पॅड आणायला त्याला पाठवा, साइज आणि विंग्जवालं का ते चिठ्ठीवर नीट लिहून द्या, नाहीतर तो बेबी डायपर घेऊन येतो, आमच्या भाच्याने आणले होते.